आतली धूळ आणि बाहेरचा कागद : व्हिडिओ डिस्कच्या धंद्याची कहाणी

मुंबईच्या चोर बाजारात, मटन स्ट्रीटच्या दुकानांतून ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्यांचे ढीग असतात. अशा ढिगात कधी ग्रामोफोनच्या तबकडीएवढीच, पण दोन्ही बाजूंनी आरशासारखी चमकणारी एखादी तबकडी हाती लागली, तर तिला निकामी समजून भंगारात टाकू नये. ती लेझर डिस्क असते. आज जिला सगळे जण सीडी म्हणतात, तिच्या आधी बाजारात आलेली ही थोरली बहीण. १९७८ पासून २००० च्या आसपासपर्यंत अमेरिका, जपान, युरोप आणि आग्नेय आशियात या तबकडीवर सिनेमे विकले गेले.

आपल्या देशात या मालाचा बाजार कधी मोठा झाला नाही. आपल्याकडे आधी व्हिडिओ कॅसेट आली आणि नंतर व्हीसीडी. मधली ही पायरी आपण ओलांडूनच गेलो. तरीही हा माल कसा बनत असे, परदेशी गिऱ्हाइकासाठी तो कसा बांधला जात असे आणि ज्यांनी तो प्रथम बाजारात आणला त्यांच्याच हातून त्याचा धंदा का निसटला, हे आपल्या कारागीर व व्यापारी बांधवांनी जरूर समजून घ्यावे. कारण या कहाणीत यंत्रे परकी असली, तरी चुका आपल्या ओळखीच्या आहेत.

धंद्याचा हिशेब

१९७० च्या दशकात घरात सिनेमा दाखवण्याचे दोन मार्ग पुढे येत होते. एक फितीचा, म्हणजे व्हिडिओ कॅसेटचा, आणि दुसरा तबकडीचा. फितीची नक्कल करायची तर दोन तासांच्या सिनेमाला दोन तास यंत्र चालवावे लागे. तबकडी मात्र साच्यात घालून भराभर छापता येत होती. त्यामुळे लाखाच्या संख्येने माल काढायचा असेल तर तबकडी स्वस्त पडणार, हा हिशेब कागदावर अगदी सरळ होता.

हॉलंडची फिलिप्स आणि अमेरिकेची एमसीए या दोन कंपन्यांनी हा हिशेब मांडला. फिलिप्सच्या गटाने यंत्र बनवायचे आणि हॉलिवूडमध्ये सिनेमे काढणाऱ्या एमसीएने तबकड्या बनवायच्या, अशी वाटणी ठरली. डिसेंबर १९७८ मध्ये अमेरिकेतील अटलांटा शहरात विक्री सुरू झाली. यंत्राची किंमत सुमारे ७०० डॉलर आणि पूर्ण सिनेमाच्या तबकडीची सुमारे १६ डॉलर होती. त्या काळी सिनेमाची कॅसेट याच्या कितीतरी पट महाग होती. चित्र कॅसेटपेक्षा स्वच्छ आणि किंमत कमी! असा माल न चालण्याचे काही कारण दिसत नव्हते.

माल कसा बनत असे

लेझर डिस्कचा व्यास ३० सेंटिमीटर. ती एका तुकड्याची नसते. सव्वा मिलिमीटर जाडीच्या दोन पातळ तबकड्या पाठीला पाठ लावून चिकटवलेल्या असतात. म्हणजे तिच्या दोन बाजू या खरे तर दोन वेगळे माल आहेत आणि त्यांना जोडणारी चिकटवण हा तिसरा.

कामाची सुरुवात काचेपासून होई. आरशासारख्या घासलेल्या काचेच्या तबकडीवर प्रकाशाने बदलणाऱ्या रसायनाचा पातळ थर देत. सिनेमाच्या रिळावरून चित्र आधी फितीवर उतरवून घेतलेले असे. ही फीत एकीकडे चाले आणि दुसरीकडे तिच्या इशाऱ्यावर लेझरचा किरण फिरत्या काचेवर उघडझाप करी. नंतर रसायनाने धुतले की किरण पडलेल्या जागी सूक्ष्म खळगे उठून येत. हे खळगे मधल्या भोकाजवळून सुरू होऊन गोगलगाईच्या शंखाप्रमाणे बाहेरच्या कडेपर्यंत जात. दोन ओळींमधले अंतर १.६ मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या एका केसाच्या जाडीत चाळीसच्या वर ओळी बसतात.

यापुढचे काम आपल्याकडच्या प्लेटिंगवाल्यांना सहज समजेल. काचेवर धातूचा अतिशय पातळ थर देऊन त्यावर निकेल चढवत. ते निकेल सोलून काढले की काचेचा उलटा ठसा मिळे. या ठशाला कारखान्यात ‘बाप’ म्हणत. बापावर पुन्हा निकेल चढवून काढलेली सुलटी प्रत ती ‘आई’, आणि आईपासून काढलेले उलटे ठसे ते ‘मुलगे’. छपाईला बसवायचे ते मुलगे. एक मुलगा झिजला की आईपासून दुसरा काढायचा, मूळ काचेला हात लावायचा नाही. डाय सांभाळून वापरणाऱ्या प्रत्येक कारागिराला यातले शहाणपण कळते.

या ठशावर वितळलेले ॲक्रिलिक दाबून पातळ तबकडी काढत. ती काचेसारखी पारदर्शक असते. तिच्या खळग्यांच्या बाजूवर निर्वात पेटीत ॲल्युमिनियमचा मुलामा देत, म्हणजे प्रकाश परतू लागे. मुलाम्यावर संरक्षक लेप देऊन मग दोन तबकड्या पाठीला पाठ लावून चिकटवत, मधोमध लेबल लावत आणि माल तपासणीला जाई.

ॲक्रिलिकचा एक दोष आहे. ते हवेतला ओलावा शोषते आणि वाकते. पाठीला पाठ लावलेल्या दोन तबकड्या एकमेकींचा बाक ओढून धरतात, हाही जोडकामाचा एक फायदा होता. नंतर आलेल्या सीडीसाठी पॉलिकार्बोनेट वापरले गेले, ते इतका ओलावा घेत नाही.

बाहेरची धूळ माफ, आतली नाही

आता या मालाचे मर्म पाहू. यंत्रातला लेझरचा किरण तबकडीच्या पृष्ठभागावर पडतो तेव्हा पसरट असतो. प्लास्टिकच्या जाडीतून आत जाताना तो निमुळता होत जातो आणि खळग्यावर पोचतो तेव्हा सुईच्या टोकाहूनही बारीक झालेला असतो. त्यामुळे बाहेरच्या अंगावर धूळ बसली, बोटाचा डाग पडला, बारीक ओरखडा आला, तरी किरण बहुधा त्याला ओलांडून जातो. गिऱ्हाइकाच्या हातून झालेली चूक ही तबकडी बरीचशी माफ करते.

परंतु कारखान्यात मुलामा देण्याआधी धुळीचा एक कण आत राहिला, ठशावर एक डाग पडला, किंवा चिकटवण कमीजास्त झाली, तर तो दोष कायमचा आत बंद होतो. वरून कितीही पुसा, तो जात नाही. पडद्यावर पांढरे-काळे ठिपके उडतात, चित्र अडकते किंवा उडी मारते. गिऱ्हाइकाच्या घरची धूळ चालते, पण कारागिराच्या घरची चालत नाही, असा हा माल होता.

कॅलिफोर्नियातील कार्सन येथे एमसीएने ‘डिस्कोव्हिजन’ नावाने कारखाना घातला आणि नेमके इथेच घोडे अडले. तबकड्या छापून निघत होत्या, पण त्यातल्या पुष्कळशा तपासणीत नापास होत. ज्या पास होऊन दुकानात जात, त्यातल्याही अनेक गिऱ्हाइके परत आणत. यादीत सिनेमांची नावे भरपूर आणि दुकानात माल कमी, असा प्रकार झाला. १९७९ साली आयबीएम ही मोठी कंपनी भागीदार झाली, तरी दोष आटोक्यात येईना. स्वस्त माल कागदावरच स्वस्त राहिला. नापास मालाचा खर्च पास मालावर चढतो, हे छोटा कारखानदारही जाणतो. इथे दोन बलाढ्य कंपन्यांना त्याचा झटका बसला आणि तबकड्या बनवण्याच्या कामातून त्यांनी अंग काढून घेतले.

कोफूचा कारखाना

जपानच्या पायोनियर कंपनीने एमसीएबरोबर १९७७ सालीच भागीदारी केली होती. तिने जपानमध्ये यामानाशी प्रांतातील कोफू येथे तबकड्यांचा कारखाना उभारला. शोध तोच, यंत्रविद्याही बहुतांशी तीच, पण स्वच्छतेचा आणि तपासणीचा कस वेगळा. १९८१ साली जपानच्या घरगुती बाजारात पायोनियरचे यंत्र आले. १९८२ साली पायोनियरने कार्सनचा कारखानाही आपल्या ताब्यात घेतला. ‘लेझर डिस्क’ हे पायोनियरचेच नाव, तेच पुढे सगळीकडे रूढ झाले. अमेरिकेत सुरू झालेला धंदा चार वर्षांच्या आत जपानी हातात गेला. त्याचे कारण कोणतेही गुपित नव्हते. आतली धूळ काढण्याचे कष्ट कोणी घेतले, एवढाच प्रश्न होता.

पायोनियरने गिऱ्हाईकही नवे शोधले. १९८२ साली तिने जपानमधील बार व करमणुकीच्या जागांसाठी कराओकेच्या तबकड्या काढल्या. कराओके म्हणजे पडद्यावर गाण्याचे शब्द येतात, वाद्ये वाजतात आणि गिऱ्हाईक स्वतः गातो. फितीवर हवे ते गाणे शोधायला मागेपुढे करत बसावे लागे, तबकडीवर ते चटकन सापडे. जपानमधून ही चाल आग्नेय आशियात पसरली आणि तबकड्यांना सिनेमाखेरीज दुसरी मोठी मागणी मिळाली.

परदेशी बाजार : एकच सिनेमा, वेगळे माल

लेझर डिस्कवर पुढच्या काळातल्या डीव्हीडीसारखे देशवार कुलूप नव्हते. पण निसर्गतः एक भिंत होती, ती टीव्हीच्या पद्धतीची. अमेरिका, कॅनडा, जपान, तैवान, फिलिपाइन्स येथे एनटीएससी पद्धत, तर ब्रिटन, जर्मनी, हाँगकाँग, सिंगापूर आणि आपल्या भारतात पाल पद्धत. एका पद्धतीची तबकडी दुसऱ्या पद्धतीच्या साध्या यंत्रावर चालत नाही. म्हणून ब्रिटनच्या बाजारासाठी फिलिप्सने ब्लॅकबर्न येथे वेगळा कारखाना चालवला आणि १९८२ साली तिथे विक्री सुरू केली.

फरक लेबलापुरता नव्हता, तो मुळापासून होता. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांनी चालतो. पालमध्ये तो सेकंदाला २५ चित्रांनी दाखवतात, त्यामुळे सिनेमा थोडा जलद धावतो आणि लवकर संपतो. एनटीएससीमध्ये काही चित्रे जास्त वेळ दाखवून हिशेब जुळवतात. म्हणजे फीत वेगळी, काच वेगळी, ठसे वेगळे. शिवाय एनटीएससी तबकडीवर जुन्या व डिजिटल अशा दोन्ही पद्धतींचा आवाज एकत्र बसे, पालवर दोहोंपैकी एकच. म्हणून हाँगकाँग-सिंगापूरसारख्या पाल पद्धतीच्या शहरांतही दोन्ही पद्धती चालवणारी यंत्रे घेऊन लोक जपान-अमेरिकेच्या तबकड्या विकत घेत.

भाषेचा प्रश्न निराळाच. पडद्यावरच्या अनुवादाच्या ओळी हव्या तेव्हा दाखवण्याची सोय या तबकडीवर नव्हती. जपानी गिऱ्हाइकासाठी जपानी ओळी चित्रातच छापाव्या लागत, त्या पुसता येत नसत. ज्याने मालाची भाषा बदलली, त्याला मालही बदलावा लागला.

लांबीचेही दोन प्रकार होते. सीएव्ही प्रकारात एका बाजूला एनटीएससीचा अर्धा तास बसे. त्यात चित्र हवे तिथे स्थिर ठेवता येई आणि एका बाजूवर ५४,००० चित्रे असत. सीएलव्ही प्रकारात एका बाजूला एक तास बसे. दोन तासांचा सिनेमा सीएलव्हीमध्ये एका तबकडीत मावे, सीएव्हीमध्ये दोन लागत. म्हणून हौशी गिऱ्हाइकासाठी सीएव्हीचे महाग संच निघत. अमेरिकेच्या क्रायटेरियन कंपनीने १९८४ साली ‘सिटिझन केन’ पासून असे खास संच काढायला सुरुवात केली. १९९३ साली निघालेला ‘स्टार वॉर्स’चा नऊ तबकड्यांचा खोका पुस्तकासह सुमारे २५० डॉलरला विकला गेला. आत चित्र तेच होते, पण मांडणी, माहिती आणि खोका यांना किंमत आली.

वेष्टनाची विद्या

लेझर डिस्कचे वेष्टन वरून ग्रामोफोनच्या तबकडीसारखेच दिसे. आत पातळ पिशवी, तिच्यावर पुठ्ठ्याचे चौकोनी जॅकेट आणि त्यावर सिनेमाचे मोठे चित्र. जास्त तबकड्या असतील तर पुस्तकासारखे उघडणारे जॅकेट किंवा मजबूत खोका. अमेरिकेत यावर पारदर्शक प्लास्टिक घट्ट चढवत. जॅकेटच्या मागे पद्धत, प्रकार, आवाजाची जात, वेळ, बाजू किती, हे सारे छापलेले असे, कारण चुकीचा माल घरी नेलेले गिऱ्हाईक पुन्हा दुकानाची पायरी चढत नाही.

जपानी वेष्टनाची एक खास चीज म्हणजे ‘ओबी’. ओबी हा जपानी शब्द किमोनोच्या कंबरपट्ट्यासाठी आहे. जॅकेटभोवती कागदाची एक पट्टी गुंडाळत आणि तिच्यावर जपानीत नाव, किंमत, माल क्रमांक व इतर माहिती छापत. फायदा असा की परदेशी सिनेमाच्या जॅकेटवरचे मूळ चित्र खराब न करता स्थानिक गिऱ्हाइकाला हवी ती माहिती देता येई. ही फाटकी-तुटकी पट्टी आज संग्राहकांच्या बाजारात मोलाची ठरते. तीच तबकडी ओबीसह असेल तर जास्त भाव, नसेल तर कमी. फेकून देण्याचा कागद मालाचा दाखला होऊन बसला!

खोकाच यंत्राचा भाग झाला

याच काळात अमेरिकेच्या आरसीए कंपनीने दुसरी वाट धरली. तिची तबकडी लेझरची नव्हती. ती कार्बन मिसळलेल्या पीव्हीसीची असे आणि ग्रामोफोनप्रमाणे सुई तिच्यावरून फिरे. ओळी इतक्या बारीक की बोटाचा स्पर्श, धूळ, दमट हवा काहीही तिला चालत नसे. आधी ती साध्या जॅकेटमध्ये विकण्याचा विचार होता. मग कंपनीला प्लास्टिकचा कडक खोका बनवावा लागला. हा खोका यंत्रात सरकवायचा, तबकडी आत राहते, रिकामा खोका बाहेर घ्यायचा, सिनेमा संपला की पुन्हा खोका आत सारून तबकडी काढायची. मनुष्याचा हात तबकडीला लागतच नाही. साध्या आवाजाचे खोके पांढरे आणि स्टीरिओचे निळे, म्हणजे दुकानदाराला लांबूनच ओळख पटे.

वेष्टन उत्तम होते, पण माल मुळात नाजूक होता आणि उशिरा आला. मार्च १९८१ मध्ये विक्री सुरू झाली, तोवर घरात टीव्हीचे कार्यक्रम भरून घेणारी कॅसेट लोकांच्या अंगवळणी पडली होती. एप्रिल १९८४ मध्ये आरसीएने यंत्रे बनवणे थांबवले. तोटा सुमारे ५८ कोटी डॉलरचा. चांगला खोका खराब मालाला काही दिवस जगवतो, तारत नाही.

चिकटवणीचा हिशेब उशिरा लागतो

लेझर डिस्कवालेही सुटले नाहीत. काही कारखान्यांतून निघालेल्या तबकड्यांत चिकटवण वा लेप सदोष होता. आतल्या ॲल्युमिनियमला हळूहळू गंज चढू लागला. नवी असताना उत्तम चालणारी तबकडी काही वर्षांनी रंगीत ठिपके दाखवू लागे आणि ठिपके वाढतच जात. संग्राहक याला ‘लेझर रॉट’ म्हणजे लेझरची कूज म्हणतात. चिकटवण हा सर्वांत स्वस्त आणि न दिसणारा भाग, पण कारखान्याचे नाव त्याच्यामुळेच गेले. तपासणीच्या दिवशी पास झालेला माल खरा की दहा वर्षांनी पास होणारा, हा प्रश्न प्रत्येक हुनरमंदाने स्वतःला विचारावा.

नोव्हेंबर १९९६ मध्ये जपानमध्ये आणि १९९७ मध्ये अमेरिकेत डीव्हीडी आली. लहान, हलकी, भाषा बदलता येणारी. अमेरिकेत २००० साली नवे सिनेमे लेझर डिस्कवर येणे थांबले. जानेवारी २००९ मध्ये पायोनियरने यंत्रांचे उत्पादन बंद करत असल्याचे जाहीर केले. तोवर जगभर सुमारे १ कोटी ६८ लाख यंत्रे विकली गेली होती, त्यांपैकी सुमारे ९५ लाख एकट्या पायोनियरची.

जुन्या मालाच्या व्यापाऱ्यांसाठी

जुना माल घेणाऱ्या-विकणाऱ्या बांधवांनी लेझर डिस्क हाती आल्यास पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१) तबकडीची कड बोटाने तपासावी. दोन थर सुटत असतील तर ती चालत्या मालात धरू नये.
२) सपाट काचेवर ठेवून बाक पाहावा. ढीग रचून आडव्या ठेवू नयेत, पुस्तकासारख्या उभ्या ठेवाव्यात आणि दमट जागा टाळावी.
३) जॅकेटवर एनटीएससी की पाल, सीएव्ही की सीएलव्ही हे वाचून गिऱ्हाइकाला आधीच सांगावे.
४) ओबी, माहितीपत्रक, आतली पिशवी यांतले काहीही फेकू नये.
५) आतली कूज बहुधा डोळ्यांना दिसत नाही. तबकडी चालवून पाहिली नसेल तर तसे स्पष्ट सांगून विकावी.

शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची आहे. कार्सनच्या कारखान्याने आत दोष असलेला माल वरून चकचकीत करून दुकानात पाठवला आणि धंदा गमावला. आपण भरतकाम करणारे असू, चामड्याची चीज बनवणारे असू किंवा पितळेची भांडी परदेशी पाठवणारे असू, आपल्याही मालाला एक आतली बाजू असते. अस्तराखालची शिवण, मुलाम्याखालचा धातू, तळव्याखालचा गोंद गिऱ्हाईक त्या दिवशी पाहत नाही. पण माल त्याच्या घरी राहतो आणि एक ना एक दिवस आतली बाजू बाहेर येते. त्या दिवशी आपले नाव कोणत्या सुरात घेतले जाईल, हे आज कामाला बसतानाच ठरत असते.